खाडीची गाबोळी

तुळिंजच्या बाजारात बसणाऱ्या अर्नाळ्याच्या कोळिणीचं नाव मी सहा वर्षांत विचारलं नाही. माशाचं पोट अंगठ्याने दाबायचं आणि मग अंगठा हुंगायचा, ही तिची सवय.

एकदा मी म्हणालो, "मावशी, गाबोळी द्या. लेकीला सातवा महिना आहे, तिला आवडते."

तिने अंड्यांनी भरलेली बोय मासळी परत टोपलीत ठेवली. "ही नको, भाऊ. खाडीत कारखान्याचं पानी येते. आय खाते ते अंड्यात उतरते, पिल्लं वाकडी निंगतात. आधी नेलेली तिनेच खाल्ली?"

"तीनदा."

पुढचे दोन महिने तिने मला फक्त खोल दर्याची मासळी दिली.

लेक बाळंत झाल्यावर मी बाजारात गेलो. "बाळ धड हाय ना?" तिने विचारलं.

"वीसही बोटं मी स्वतः मोजली."

तेव्हा कुठे तिने विचारलं, मुलगा की मुलगी.