एका लुगड्याचं दुकान

लढाईहून परत आलेल्या माणसांचा आमच्या सातारा जिल्ह्यात कधीच तोटा नव्हता. कुणी छातीवर बिल्ले लावून आला, कुणी मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन आला, कुणी उगीचच दचकायची सवय घेऊन आला. पण एवढा समुद्र ओलांडून, एवढी मोठी लढाई मारून, फक्त दुकानं बघून आलेला माणूस त्रिखंडात एकच असेल, आणि तो माझ्या आईचा धाकटा भाऊ होता. पलटणीतून हवालदार होऊन सुटले, म्हणून आम्ही सगळे त्यांना हवालदारमामा म्हणायचो. मामांना कुणी लढाईचं विचारलं, की ते मिशीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "व्हती की लढाई. लय व्हती. पर ते सोड. तितली दुकानं सांगतो, ती ऐक."

मामांचं गाव रहिमतपूरपासून दोन कोसांवर. घरची उसाची जमीन, दोन थोरले भाऊ, आणि दुकान म्हणून जे काही पाहिलेलं ते आठवड्याच्या बाजारातलं, जमिनीवर गोणपाट अंथरून मांडलेलं. अशा माणसाला इटलीत असताना पाच दिवसांची रजा मिळाली आणि त्याला रोम शहरात सोडून दिलं. बरोबरचे जवान सिनेमाला गेले, फोटो काढून घेते झाले. मामा मात्र पाची दिवस एकटेच, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, काचेच्या दुकानांसमोरून हिंडले. गावी आल्यावर मारुतीच्या पारावर त्यांनी त्याचं वर्णन सुरू केलं, ते वर्षभर संपलं नाही. एक दुकान म्हणे नुसत्या हातमोज्यांचं होतं. "नुसतं हातमोजं?" पारावरचे एक म्हातारे पाटील अविश्वासानं म्हणाले. "नुसतं हातमोजं. दुसरं काय न्हाई." "मग मानसाला हात किती असत्यात रं तितं?" सगळा पार हसला, पण मामा हसले नाहीत. ते सांगत राहिले. त्या दुकानातल्या बाईनं मामांना खुर्चीवर बसवलं, समोर मखमलीची एक छोटी उशी ठेवली, तिच्यावर त्यांचं कोपर टेकवलं, हाताला पांढरी पावडर लावली आणि एकेका बोटावरून हळूहळू मोजा चढवला. मोजा काही मामांच्या पंज्याला झाला नाही. नांगर धरलेला हात तो! पण बाईनं तीन वेळा माप बदलून पाहिलं, कंटाळली नाही. "मास्तर," मामा मला म्हणाले, "ह्या हाताला तवर कुनी उशी दिली नव्हती रं."

मी साताऱ्यात शाळामास्तर होतो, म्हणून ते मला नावानं हाक न मारता मास्तरच म्हणायचे. रोमच्या त्या पाच दिवसांनी मामांच्या डोळ्यांना जे काही झालं ते पुन्हा बरं झालंच नाही. समोर आलेल्या माणसाचं तोंड त्यांना नंतर दिसायचं, आधी कपडे दिसायचे. लग्नाची वरात वाजतगाजत चाललेली असताना त्यांनी घोड्याचा लगाम धरून ती थांबवली होती, कारण नवरदेवाचा फेटा डावीकडे एक बोट जास्त उतरला होता. तो सरळ करून, दोन पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून बघितल्यावरच त्यांनी वाजंत्र्यांना "हां, वाजवा आता" असं फर्मावलं. आमच्या शाळेत इन्स्पेक्टरसाहेब आले तेव्हा मामा मला डबा द्यायला आलेले. साहेब मला पाढ्यांविषयी काही विचारत होते, तेवढ्यात मामांनी मागून त्यांच्या कोटाची बाही दोन बोटांत धरली आणि कळवळून म्हणाले, "साहेब, अस्तरात फसवलंय की तुमास्नी!" माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो. पण इन्स्पेक्टरसाहेबांनी तिथेच, चौथीच्या वर्गासमोर, कोट उतरवला, आणि पुढची पंधरा मिनिटं ते दोघे खिडकीशी उभे राहून ते अस्तर उजेडात उलटंपालटं करून बघत होते. पाढे राहूनच गेले.

असा माणूस शेतावर रमेल कसा? सुटून आल्यावर वर्षभरानं मामांनी साताऱ्यात खालच्या रस्त्याला एक गाळा घेतला आणि लुगड्यांचं दुकान काढायचं ठरवलं. थोरल्या भावांनी एकच अट घातली: दिवाळीपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं गावी येऊन उसाला पाणी पाजायला लागायचं. मामी पलूसकडच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "दिवाळीपातूर कशाला? दसऱ्यालाच या न्यायला. मी बोचकं बांधूनच ठेवते." दुकानाला इतरांसारख्या फळ्या लावायच्या नाहीत, समोर अख्खी काच बसवायची, हा मामांचा हट्ट. ती मुंबईहून आगगाडीनं आली. सातारा रोड स्टेशनापासून तिला बैलगाडीत उसाच्या पाचटावर, दोन गोधड्यांत गुंडाळून आणलं. गाडीच्या पुढं मामा स्वतः चालत होते आणि रस्त्यावरचे दगड उचलून बाजूला टाकत होते. सगळी वाट! लोकांना वाटलं, आत कुणी बाळंतीण आहे.

माल आणायला मामा मला सांगलीला घेऊन गेले. तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. सांगलीची पेठ म्हणजे आमच्या भागातली नटवी पेठ. इरकली लुगडी, खण, रेशीमकाठी, काय नव्हतं तिथं! इतर व्यापारी गादीवर बसून गठ्ठ्यानं माल घेत. मामा एकेक लुगडं हातावर टाकून रस्त्यावर उन्हात न्यायचे. बरं, नुसतं उन्हात बघून भागत नसे. पदर खांद्यावरून कसा पडतो ते बघायला माणूस लागे. माणूस म्हणजे मी. भर पेठेत माझ्या कोटावरून हिरवा पदर सोडून मामा रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून ओरडले, "मास्तर, जरा वळ! आरं, गड्यागत न्हवं, बाईमानसागत वळ!" दोन टांगे थांबले. दुसऱ्यात आमचे हेडमास्तर होते. मेहुण्यांकडे आले होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही आयुष्यात पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा दुकानं झाली. तेवढ्यांतून मामांनी निवडली सोळा लुगडी. पण ती सोळा लुगडी एकापुढे एक मांडली तेव्हा शेवटच्या दुकानातला खवचट सांगलीकर दुकानदारसुद्धा गादीवरून उठून उभा राहिला. ह्यातलं एक माझ्याच दुकानात होतं होय, असं काहीसं तो पुटपुटला.

आणि मग साताऱ्यानं ते दुकान पाहिलं. भली मोठी काच, आत पांढरी भिंत, आणि मधोमध लाकडी दांडीवर सोडलेलं एकच लुगडं. बाकीची आत कपाटात. रोज सकाळी काचेतलं लुगडं बदलायचं. लोक येऊन उभे राहत आणि आपसात बोलत. "दुकान निघालंय का मोडलंय?" "एकच ऱ्हायलं वाटतं." एकानं तर आत येऊन सहानुभूतीनं विचारलं, "हवालदार, बाकीची चोरीला गेली का?" मामा शांतपणे म्हणायचे, "एका टायमाला एकच बघावं. ढीग बघितला की काय बी दिसत न्हाई." आत गिऱ्हाइकाला गादी नव्हे, खुर्ची. बाई आली की आधी पाणी, मग प्रश्न: नेसणार कुठं, उन्हात का घरात? लेकीला द्यायचं का सुनेला? आणि मग उत्तराप्रमाणे एकच लुगडं काढायचं. बघता बघता बायका ते घेऊनच जायच्या. पण बायका यायच्याच कमी. एवढ्या स्वच्छ काचेच्या आत पाऊल टाकायचं त्यांना धाडस होत नसे. दसरा कोरडा गेला. मामींनी खरंच बोचकं बांधलं आणि ते आतल्या खोलीत दाराशी ठेवून दिलं.

दिवाळी दोन आठवड्यांवर आली तेव्हा देव पावल्यासारख्या एक वकीलीणबाई आल्या. मुलीचं लग्न काढलेलं, आहेराची सगळी लुगडी इथूनच घ्यायचा त्यांचा विचार होता. उद्या संध्याकाळी येते म्हणाल्या. एवढी एक खरेदी झाली असती तर भावांची तोंडं बंद झाली असती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम जाऊन बसलो. वह्या तपासत होतो, पण लक्ष रस्त्याकडे. टांगा यायच्या आधी काचेबाहेर एक म्हातारी येऊन उभी राहिली. अनवाणी, विटलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात कागदाची सुरळी. कपाळावर हात आडवा धरून ती बराच वेळ आत बघत होती. मग दारातून म्हणाली, "आत आलं तर चालंल का, बाबा?"

"या की, मावशी," म्हणत मामांनी तिला खुर्ची दिली. पाणी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मला काय घ्याचं न्हाई. माण तालुक्यातनं आले. कचेरीत पेन्शनीला अंगठा लावाय आल्ते, मोटारीला येळ हाय. तितला शिपाई बोलला, ह्या दुकानाचा मालक लढाईला व्हता. इटलीत."

"व्हतो, मावशी."

"माजा बी तितंच ऱ्हायला," ती म्हणाली. पोरगा आजोळी राहिला असावा, तशी म्हणाली.

इतक्यात टांगा थांबला. वकीलीणबाई आत आल्या, बरोबर मुलगी. "हवालदार, चला, काढा पाहू. आम्हाला अजून सोनाराकडे जायचंय."

मामा उठले नाहीत. "वैनीसाब, थोडं थांबावं लागंल. ह्या आदी आल्यात."

वकीलीणबाईंनी म्हातारीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो, पण ह्यांना काही घ्यायचंय का?"

"न्हाई."

"मग?"

"तरी आदी आल्यात."

म्हातारी अवघडून उठू लागली. मामांनी तिच्यापुढं हात आडवा धरून तिला बसवलं. वकीलीणबाई मुलीला घेऊन निघून गेल्या. टांग्याचे घुंगरू रस्त्याच्या टोकापर्यंत मला ऐकू येत राहिले. आतल्या खोलीचा पडदा हलला. मामी सगळं ऐकत होत्या.

म्हातारी म्हणाली, "कसलं गाव हाय ते, बाबा? मानसं हाईत का नुसता डोंगूर? कागदावर नुसतं नाव हाय. मला कुनी सांगत न्हाई."

वर्षभर ज्यांनी पार दणाणून सोडला होता त्या मामांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. "मावशी, तितं एक बोळ हाय. बोळात टोप्यांचं दुकान. कपाटं समदी रिकामी, लढाईनं खाल्लेली. काचंत एकच टोपी ऱ्हायलेली, निळी. एक म्हातारी, तुमच्याच वयाची, रोज सकाळी काच पुसायची आन ती टोपी जरा अशी, जरा तशी करून ठेवायची. चार दिस मी भायेरनं बघितलं. पाचव्या दिशी तिनं हातानं आत बोलवलं. खुर्ची दिली. मी खुनेनं इचारलं, केवढ्याला? तिनं मान हलवली. इकायची न्हवती. ती एक गेली तर दुकान मोडलं म्हनायचं. म्हनून रोज पुसायची, रोज मांडायची. निगताना तिनं माज्या गालावर हात ठेवला. असा."

मामांनी आपल्याच गालावर हात ठेवून दाखवला. म्हातारीनं त्या हाताकडे निरखून पाहिलं.

"म्हंजे तितं म्हातारी मानसं बी हाईत," म्हातारी शेवटी म्हणाली.

"हाईत की."

"बरं झालं." मग हातातली सुरळी चाचपत, "त्यो गेला आसंल का रं त्या बोळातनं?"

"गेला आसनार. समदी पोरं तितनंच जायची," मामा म्हणाले. तिचा मुलगा त्या शहरात कधी पोचला होता की नाही, हे मामांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

मग मामा उठले, कपाट उघडलं आणि आपला नियम मोडून एकामागून एक सगळी लुगडी तिच्यापुढं उलगडली. तिनं एकेका काठावरून हाताची पालथी बाजू फिरवली. तळव्याच्या भेगांत धागा अडकला असता. मामी पडद्याआडून आल्या. त्यांच्या हातात चहा होता, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात.

वकीलीणबाईंची खरेदी दुसऱ्या दुकानात झाली. दिवाळीच्या पाडव्याला थोरले भाऊ गाडी जुंपून न्यायला आले. मामा खाली मान घालून बसले होते. मामी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, जेवून जावा. आमी काय येत न्हाई. आमी हितंच ऱ्हानार." भावांनी विचारलं, दुकान चालतंय का? मामी म्हणाल्या, "न्हाई चालत. चालवीन." आणि त्यांनी ते चालवलं. खणांचा एक छोटा गठ्ठा त्यांनी स्वतः पलूसला जाऊन आणला, दाराशी बसून बाजाराला आलेल्या बायकांना नावानं हाका मारायला लागल्या, आणि हळूहळू अनवाणी पावलं त्या काचेच्या आत येऊ लागली. मामा त्यांनाही तसंच विचारायचे, उन्हात नेसणार का घरात?

माणची म्हातारी दर संक्रांतीच्या सुमाराला यायची. पदरात बांधून शेर-दोन शेर मटकी आणायची. खुर्चीच्या कडेवर बसायची, चहा प्यायची, मामा लुगडी उलगडायचे. फार बोलणं व्हायचं नाही. असं चार वर्षं चाललं. पाचव्या वर्षी संक्रांत गेली, रथसप्तमी गेली, ती आली नाही. एक दिवस संध्याकाळी मी दुकानात गेलो तर मामींचा पत्ता नव्हता. मामा म्हणाले, "मोटार-अड्ड्यावर गेलीया. माणाकडची, दहिवडीची गाडी येती ह्या टायमाला." मी म्हणालो, मामी रोज जातात की काय? मामा उठले. कपाटातून एक लुगडं काढून त्याची घडी नीट करत बसले. ती आधीच नीट होती.

थोड्या वेळानं मामी आल्या. चपला काढल्या, पदरानं तोंड पुसलं आणि कुणी विचारायच्या आधीच मान हलवली. मामांनी लुगडं कपाटात ठेवलं. म्हणाले, "लय लांबचं गाव हाय गं तिचं." मामी त्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. एरवी त्या कधी तिच्यावर बसत नसत. म्हणाल्या, "उद्याच्याला बघू."