आबांनी विचारलं होतं

रोगी तोंड उघडण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघून आबा बोलायला सुरुवात करत. टाकव्यात त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर होऊनही ते गाव सोडून गेले नाहीत, म्हणून सगळा गाव त्यांना आबाच म्हणायचा. एखादी म्हातारी पायरी चढते न चढते तोच ते म्हणत, "मावशी, गोळ्या बंद केल्यास व्हय?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"तुज्या सुजल्याल्या तोंडानं. जीभ खोटं बोलती, त्वांड न्हाई बोलत."

या नजरेवर त्यांचा फार विश्वास होता, आणि घात त्यातूनच झाला. ज्याला लहानपणापासून पाहिलंय, त्याचा तब्येतीचा दाखला ते न तपासताच लिहीत. "पाळन्यात बघितल्याल्या मानसाला आनि काय तपासायचं?" असं म्हणत सही करून टाकत. कुणाचा कामाचा दिवस वाचे, कुणाचा वडगावच्या सरकारी दवाखान्याचा हेलपाटा. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मी शाळेत शिकवते, तरी मलाही नाही.

माझ्या धाकट्या भावाला, सुहासला, लहानपणी फिट यायची. आबांच्याच औषधाने ती थांबली, पुढे कित्येक वर्षं आली नाही. मग कारखान्यात क्रेनवर कायम होण्याची संधी आली. तब्येतीचा फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि सुहास पहिल्या पाळीला गेलेला. फॉर्म घेऊन मी गेले.

"त्यो कुटं हाय?"

"कामावर आहे, आबा. उद्या शेवटची तारीख."

त्यांनी पेन उघडलं आणि थांबले. "परत फिट आली न्हाई ना कवा?"

महिन्यापूर्वी आली होती. मोरीत पडून त्याची भुवई फुटली होती. आईने कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. मी म्हणाले, "नाही."

त्या दिवशी आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांची नजर फॉर्मवर होती. त्यांनी सही केली.

पाच महिन्यांनी सुहास क्रेनच्या शिडीवर असताना त्याला फिट आली. तो वरून पडला आणि जागीच गेला.

"बघितल्याबिगर सही केलीच कशी?" वडील रोज विचारत. "तू शिकल्याली हायेस, तू लिही." मी डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार लिहिली. शुद्धलेखन दोनदा तपासलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. एक वाक्य लिहिलं नव्हतं, एवढंच.

चौकशी मुंबईला झाली. आत बोलावेपर्यंत आम्ही दोघे एकाच बाकावर बसलो होतो. आबांनी पिशवीतली पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. "सकाळधरनं काय खाल्लंस का?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी भाकरीची गुंडाळी काढली, अर्धी मला दिली. मी ती हातात धरूनच बसले.

आत त्यांनी सगळं कबूल केलं. शेवटी चौकशी समितीतल्या एकाने विचारलं, "पूर्वी फिट येत होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. पुन्हा आली का, हे विचारलं होतंत?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रोग्याकडे बघत तसं, सावकाश. मग शहरी भाषेत म्हणाले, "नाही. विचारायला हवं होतं. राहून गेलं."

मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसले होते. अर्धी भाकरी अजून माझ्या हातातच होती.

दोन वर्षांसाठी त्यांचं नाव नोंदणीतून काढलं गेलं. ती शिक्षा चूक होती असं मी म्हणणार नाही, तेही म्हणत नसत. पाटी त्यांनी स्वतः उतरवली. तरी लोक यायचेच. "आबा, नुसती नाडी तरी बघा." ते हात मागे घेत. "नाव काढलंय माजं. वडगावला जा."

त्यानंतर ते रस्त्याने खाली मान घालून चालू लागले. मला वाटलं, शरमेने. एकदा त्यांनीच सांगितलं, "बघितलं की कळतं, आनि कळलं की गप बसवत न्हाई. त्यापरीस न बघितल्यालं बरं."

हे ते पावटे सोलता सोलता बोलले. खरं सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवून मी त्यांच्या घरी गेले होते. "आबा, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं..."

"गप ऱ्हा." मान वर न करता ते म्हणाले. "सही माजी व्हती. घरात तुजी आई हाय, पोरी. तिला जगू दे."

मी गप्प राहिले. मला तेच हवं होतं.

दोन वर्षं भरायला चार महिने असताना आबा गेले. त्यांचं नाव परत लागलंच नाही. मागोमाग वडील गेले, आणि गेल्या महिन्यात आईही. आता गप्प राहायला कारण उरलेलं नाही, आणि ज्यांना सांगायचं त्यांच्यातलंही कुणी उरलेलं नाही. तरी तक्रारीतून गाळलेलं ते वाक्य लिहिते आहे.

आबांनी विचारलं होतं. मी नाही म्हणाले.