कोणाचं पोर पडलं?

मुलं लहान असली की घरात भांड्यांपेक्षा जखमांचे किस्सेच जास्त साचतात. आम्ही बाया कुठं लग्नात भेटलो की कोणीतरी आपल्या पोराचा केस वर करून टाक्याची खूण दाखवते. मग दुसरी आपल्या पोराला हाक मारते, "इकडं ये रे, गुडघा दाखव." असं एकातून एक निघत जातं आणि पंगत उठून जाते.

राळेगावच्या कडेला आमची तीन घरांची ओळ होती. मधलं घर आमचं. नवरा एसटीत कंडक्टर, माझं शिलाई मशीन दारातच मांडलेलं आणि पोरगा गोलू. डाव्या हाताला सुनंदाताई. त्या अंगणवाडीत सेविका, त्यांचे मालक प्रकाशभाऊ शेती करायचे, मुलगी पिंकी. उजव्या हाताला शकिलाभाभी आणि रफिकभाई. रफिकभाई सायकली आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. त्यांचा सलीम तिन्ही पोरांत मोठा.

ती कापसाच्या पडत्या भावाची वर्षं. भाव वाढेल म्हणून प्रकाशभाऊंनी कापूस घरातच ठेवला होता. समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली, आणि माणसं स्वयंपाकघरात झोपायची. कोणाचं मन जागेवर नसायचं. माणसं उगाच रस्त्यावर जाऊन उभी राहायची, परत यायची. आसपासच्या गावांतून नको त्या बातम्या यायच्या. त्यामुळे ओळीत कोणी जोरात ओरडलं की तिन्ही दारं एकदम उघडायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाचं पोर पडलं?"

पोरच पडलं असेल तर बरं वाटायचं. असे ते दिवस होते.

एकदा गोलूनं चहाचं गरम भगोनं हातानं धरलं. मी हळद लावली. शकिलाभाभी धावत आल्या, म्हणाल्या, "हल्दीनं काय होते? टूथपेस्ट लाव." त्यांनी पेस्ट लावली. समोरून जाणाऱ्या एका म्हातारीनं घरातून तूप आणून वरून थापलं. शेवटी सुनंदाताई अंगणवाडीतून आल्या आणि हात पाहून कपाळाला हात लावला. "अवं, आधी थंड पाण्यात धरा त्याचा हात. बाकी काही लावू नोका."

नळ त्या दिवशी आला नव्हता. गोलूचा हात प्यायच्या पाण्याच्या माठातच बुडवला. तोवर तो रडून थकला होता. पाण्यावर हळद आणि तूप तरंगायला लागलं तसं त्यानं वाकून पाहिलं आणि विचारलं, "आई, आता यात डाळ टाकतं का?"

त्या कापसाच्या खोलीत पोरांना जायची बंदी होती, म्हणून ती तिथंच असायची. वरून उड्या मारायची, कापसात गडप व्हायची, अंगाला खाज सुटली की बाहेर यायची. एका दुपारी पिंकी बाहेर आली ती तोंडानं श्वास घेत. नाकात सरकी गेली होती.

सुनंदाताई अंगणवाडीतल्या शंभर पोरांना पुरून उरायच्या, पण स्वतःच्या पोरीच्या नाकात काही अडकलं म्हटल्यावर त्या नुसत्या "शिंकर, शिंकर" म्हणत राहिल्या. प्रकाशभाऊ दारातून ओट्यावर, ओट्यावरून दारात नुसते फिरत होते. रफिकभाई पंपाच्या नोझलमधला कचरा काढायचा बारका चिमटा घेऊन आले. तो चिमटा पाहून पिंकीनं जी धूम ठोकली, ती पार चौकापर्यंत. आम्ही सगळे मागे. चौकात धूळ उडाली, तिला एक जबरदस्त शिंक आली आणि सरकी बाहेर.

सगळे तिथंच रस्त्यावर बसलो. सुनंदाताईंनी तिला पोटाशी धरलं. प्रकाशभाऊ पहिल्यांदा हसले. पिंकीनं आईच्या पदराला नाक पुसलं आणि म्हणाली, "आता इकडली काढा."

आमच्या घरातल्या मोठ्या माणसाचंही सांगते. हे सुट्टीवर होते. गोलू ओट्यावरून पडला आणि हनुवटी फुटली. मी रडायला लागले. हे एकदम शांत. "बाजूला हो. आम्हाले ड्युटीवर सगळं पाहावं लागते," म्हणत त्यांनी गोलूच्या हनुवटीवरचा रुमाल काढला, आत पाहिलं आणि भिंतीला टेकत टेकत खाली बसले. मग आडवे झाले.

मी यांना पाणी मारू की पोराला धरू? तेवढ्यात सुनंदाताईंनी भिंतीवरून विचारलं, "कोणाचं पोर पडलं वं?"

गोलू हनुवटीवर रुमाल दाबून उभा होता. म्हणाला, "पोरगं उभं हाय, मावशी. बाबा पडले."

सलीमची टाच सायकलच्या तारांत आली तेव्हाची गोष्ट वेगळी. रक्त बरंच होतं. सुनंदाताईंनी अंगणवाडीची पेटी उघडली, औषध होतं, पट्टी होती, कापूस संपलेला. "कापूस पाह्यजे, कापूस," त्या म्हणाल्या.

प्रकाशभाऊ उठले आणि आपल्या खोलीतून दोन्ही हातांची कवळ भरून कापूस घेऊन आले. पांढराशुभ्र. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा तेज होतं. "घ्या. किती लागते?"

"हा नाही चालत," सुनंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. "यात सरकी हाय, कचरा हाय. जखमेले मेडिकलमधलाच लागते."

रफिकभाई सायकलवर गेले आणि निळ्या कागदातली गुंडाळी घेऊन आले. टाच धुतली, पट्टी झाली, सलीम बिस्कीट खायला लागला. उरलेली गुंडाळी प्रकाशभाऊंनी हातात घेतली. बोटानं दाबली, थोडी ओढून पाहिली, नाकाशी नेली.

"हा कोणत्या वावरात होते?" त्यांनी विचारलं.

सलीमनं आपलं एक बिस्कीट त्यांना दिलं.

त्यानंतर काही दिवसांनी प्रकाशभाऊ गाडी भरून कापूस विकायला घेऊन गेले आणि तसाच परत घेऊन आले. तिथं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मग बाकीचंही बोलणं बंद झालं. जेवायला बसायचे आणि ताटाकडे पाहत राहायचे. एका सकाळी सुनंदाताई पदराखाली काहीतरी झाकून माझ्याकडे आल्या. फवारणीच्या औषधाचा उरलेला डबा होता. "तुमच्या घरी ठेवा," एवढंच म्हणाल्या. मी तो मशीनखाली, कापडांच्या मागे सरकवला. अंगणवाडीला निघताना त्या रोज माझ्याकडे आणि शकिलाभाभींकडे एकदा पाहून जायच्या. आम्ही मान हलवायचो.

एका दुपारी मी ब्लाउजला हुक लावत होते. एकदम पिंकीची किंचाळी आली, कापसाच्या खोलीतून. नंतर एकदम शांत. "कोणाचं पोर पडलं?" असं त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. डबा माझ्या पायाशीच होता, मला दिसत होता, तरी मी धावले. शकिलाभाभी अनवाणी धावल्या. दाराला आतून कडी.

"प्रकाशभाऊ," मी हाक मारली. उत्तर नाही. शकिलाभाभींनी दारावर दोन्ही हात आपटले. रफिकभाई दुकानातून उचकटायची लोखंडी टॉमी घेऊन पळत आले. त्यांनी ती दाराच्या फटीत घातली, आणि तेवढ्यात आतून कडी निघाली.

दारात प्रकाशभाऊ. दातांत शिवणाची सुई धरलेली, म्हणून बोलता येत नव्हतं. मागे कापसाच्या ढिगावर पिंकी बसलेली, गाल ओले, एक पाय वर धरलेला. तळव्यात कापसातली पऱ्हाटीची काडी मोडली होती, त्यातली अर्धी निघाली होती.

त्यांनी सुई हातात घेतली. "पळून जाते ही," ते म्हणाले. "म्हणून कडी लावली."

आम्ही तिघंही धापा टाकत उभे. भाभींच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. प्रकाशभाऊंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. सगळ्यात शेवटी टॉमीकडे.

"काहून? काय झालं?"

भाभीच म्हणाल्या, "कुछ नाही, भाऊ. साखर मांगाले आलो होतो."

प्रकाशभाऊंनी सुई सदऱ्याला टोचून ठेवली. मग म्हणाले, "तिघं जणं? अन् वाटी नाही आणली, टॉमी आणली?"

रफिकभाईंनी टॉमी पाठीमागे लपवली. भाभींनी ओढणीचं टोक समोर पसरलं. "यात टाका."

"पिंके," प्रकाशभाऊ म्हणाले, "काकीले साखर दे."

पिंकी एका पायावर उड्या मारत स्वयंपाकघरात गेली आणि साखरेचा आख्खा डबाच घेऊन आली.