बॅराइटचा गिलास

आमच्या प्रायमरच्या कारखान्यात बॅराइटची पोती येतात. हा पांढरट दगड दळून रंगात मिसळतात. तेलविहिरी खोदतानाही हीच पूड चिखलात कालवून भोकात सोडतात. पोतं मूर्ती लहान, कीर्ती महान. उचलताना घाम फुटतो. नवा हमाल आला की जुने त्याला मुद्दाम तेच दाखवतात, "बारकं हाय की, घे!" आणि खिदळत बसतात. मी प्रयोगशाळेत त्या पुडीचा जडपणा तपासते. या दगडाचं आपल्याला सगळं ठाऊक आहे, असा माझा तोरा होता.

मग आईचा घास अडकायला लागला. कडक भाकरी कुडुमकुडुम खाणारी बाई दुधात कुस्करून खायला लागली. मी समोर बसून घासागणिक विचारायची, "गेला का खाली?"

"व्हय गं, गेला की! जेवू दे मला."

अन्ननलिकेत गाठ तर नसेल, या एकाच धास्तीनं माझी झोप उडाली होती.

डॉक्टरांनी बेरियमची तपासणी सांगितली, उपाशीपोटी. आईबरोबर मीही चहासुद्धा घेतला नाही. एक्स-रेच्या खोलीतल्या माणसानं तिच्या हातात दुधासारखा पांढरा गिलास दिला. तो धरून तिनं माझ्याकडे बघितलं. "एवढासा गिलास, आन् लई जड हाय गं!"

"आमचाच दगड आहे, आई. पण औषधासाठी शुद्ध केलेला. क्ष-किरण त्यातून जात नाहीत, म्हणून नळी उठून दिसते. अंगात विरघळत नाही, तसाच बाहेर पडतो."

"पिते मग. तू जा हितनं, लई बोलतीस."

मला बाहेर काढलं. अशा खोलीच्या भिंतींनाही याच पुडीचं प्लास्टर असतं, हे नको तेव्हा आठवलं. बसवेना. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, परत यायचं, दाराकडे बघायचं. भयंकर राग येत होता, आणि तो काढायला कुणी नव्हतं.

रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता, फिल्म लगेच मिळाली. मी ती खिडकीशी धरली. पांढरा पट्टा छातीपर्यंत रुंद उतरला होता, आणि तिथून पुढे नुसता दोरा. मी फिल्म पाकिटात सारली. आईनं माझं तोंड बघितलं.

बाकावर बसून तिनं पिशवीतलं फडकं सोडलं. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, माझ्यासाठी बांधून आणलेली.

"सकाळधरनं उपाशी हाईस. खा."

मी तुकडा मोडून तोंडात घातला आणि नुसती चावत राहिले. आई माझ्या गळ्याकडे बघत होती.

"गेला का खाली?"