इराणी परवान्याची नक्कल

एका माणसाला मी चारचौघांत खोटा ठरू दिले, आणि तो खोटा नाही हे त्या क्षणी फक्त मला ठाऊक होते. पंधरा वर्षे ही गोष्ट मी कोणाजवळ बोललो नाही, घरातही नाही. आता पन्नाशी उलटली आहे, संस्थान विलीन झाले आहे, आणि ज्या कचेरीची अब्रू राखल्याचे निमित्त मी स्वतःला देत आलो ती कचेरीही राहिलेली नाही. म्हणून घडले तसे लिहितो.

भोरच्या कचेरीत मी नक्कलनवीस होतो. आलेल्या असल कागदाची हुबेहूब नक्कल करायची, दोन्ही ताडून पाहायचे आणि खाली ‘असल बरहुकूम’ असा शेरा लिहून सही करायची, एवढेच माझे काम. पण असल कागद संस्थानच्या हद्दीबाहेर पाठवायचा नाही असा शिरस्ता असल्यामुळे पुढचा सारा कारभार त्या शेऱ्यावर चाले. माझ्या नकलेवर कधी हरकत आली नव्हती. याचा मला अभिमान होता, आणि तो मी नम्र बोलण्याखाली नीट झाकून ठेवीत असे.

एके दिवशी विंझरचा एक माणूस मोटर हाकण्याचा परवाना बदलून घ्यायला आला. वय पस्तिशीचे, चेहरा उन्हाने करपलेला, अंगात खाकी सदरा. इराणात अबादानला, तेलाच्या कारखान्यावर पाच वर्षे मोटर चालवून तो परत आला होता. भोरातले एक मोटरमालक पुण्याच्या वाटेवर उतारू नेणारी दुसरी सर्व्हिस मोटर घालणार होते. महिन्याच्या आत संस्थानचा परवाना मिळाला तर गाडी याच्या हाती द्यायचे त्यांनी कबूल केले होते. नाही मिळाला तर याला पुन्हा बोट गाठावी लागणार होती.

“गेलो तवा पोरगी दीड वर्साची व्हती,” तो म्हणाला. “आता मला बगून आईच्या मागं लपती. इचारती, ह्ये पाव्हणं जानार कवा? आता हितंच ऱ्हायचंय, रावसाहेब.”

त्याने मेणकापडात गुंडाळलेली एक लहानशी पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर त्याचे छायाचित्र, त्याच्या खांद्यावर अर्धा उमटलेला निळा शिक्का, आणि बाकी सगळा फारशी मजकूर. आमच्या दप्तरात फारशी शब्दांना तोटा नव्हता. हुकूम, दस्त, तारीख, शिक्का हे शब्द मी रोज लिहीत होतो. पण ते ज्या लिपीतून आले तिचे एक अक्षरही मला येत नव्हते.

आमच्या कचेरीचे वरिष्ठ म्हणजे शिरस्तेदार; त्यांना मी तसे सांगितले. ते म्हणाले, “तुम्हाला वाचायला कोण सांगतंय? काढायचं आहे. घोड्याचं चित्र काढणाऱ्याला कुठं खिंकाळता येतं? नक्कल पुण्याला धाडू, तिथला फारशीचा मास्तर अर्थ लिहून देईल.”

ते काम अर्ध्या दिवसाचे होते. मी दोन दिवस लावले, कारण मला त्या पुस्तिकेचे आणि त्या माणसाचे विलक्षण कुतूहल वाटू लागले होते. मी त्याला समोर बसवून घेतले आणि लिहिता लिहिता विचारत राहिलो.

“तिकडे परीक्षा कशी घेतात?”

“गाडी वाळूत रुतवून दिली न् म्हनले, काढ. म्या चारी चाकांतली हवा कमी केली. हवा कमी झाली की चाक पसरतं, वाळूवर चालतं. साहेबानं तिथंच शिक्का मारला.”

“आणि रस्ता?”

“रस्ता सोपा, पन समदं उजवीकडनं. आपल्या उलटं.”

“मग इथे हात चुकायचा नाही का?”

“डावा बैल उजवीकडं जुपला तर दोन दीस बिचकतो, मंग चालतो. म्या तर मानूस हाय.”

मी हसलो. आजही वाटते की त्या दोन दिवसांत मी त्याचा मित्र झालो होतो.

माझी नक्कल देखणी झाली. पण मी मोडीत वाढलेला माणूस. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग अक्षरे तिला टांगतो. माझ्या हाताने न विचारता तेच केले. दुसरे असे, की त्या मजकुराच्या वर-खाली बारीक काळे ठिपके होते. जुन्या कागदांवर माश्यांनी केलेले डाग आम्ही रोज पाहत असू. असले डागही इमानाने उतरवणाऱ्या कारकुनाची आमच्या कचेरीत फार थट्टा होई. तशी माझी होऊ नये म्हणून मी ते सगळे ठिपके काळजीपूर्वक वगळले. कागद स्वच्छ दिसला. खाली शेरा लिहिला, सही केली, वर वाळू टाकून शाई टिपली.

तीन आठवड्यांनी पुण्याहून उत्तर आले. त्या दिवशी विंझरकर येऊन बसलाच होता. शेतसाऱ्याच्या कामाला आलेली आणखी सात-आठ माणसे होती. शिरस्तेदारांनी पत्र मोठ्याने वाचले. मास्तरांनी लिहिले होते की हा मजकूर फारशी नाही, अरबीही नाही. कोणीतरी लिपीचा देखावा करून रेघोट्या ओढल्या आहेत.

“काय रे,” शिरस्तेदार म्हणाले, “कुठल्या जत्रेत छापून घेतलास हा?”

बसलेली माणसे हसली.

“न्हाई साहेब. सरकारी हाय त्यो. मला गाडीवर बसवा, चालवून दावतो.”

“गाडी येते म्हणून खोटा कागद खरा होत नाही.” मग ते माझ्याकडे वळले. “तुमच्या नकलेत काही कमीजास्त?”

असल पुस्तिका आणि नक्कल दोन्ही मेजावर उघडी होती. मी खाली पाहिले. पुस्तिकेत एक शब्द तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी त्याच जागी, तितकेच ठिपके होते. माशी अशी मोजून तीनदा बसत नाही. मला ते त्या क्षणी लख्ख कळले, आणि खरे सांगायचे तर शरमेच्या आधी मला नवल वाटले, की हे ठिपके म्हणजे अक्षराचाच भाग.

मी काही बोलण्याआधी विंझरकरच म्हणाला, “रावसाहेबांनी दोन दीस खपून केलीया ती. ती कशी चुकंल?”

“असल बरहुकूम आहे,” मी म्हणालो.

अर्ज फेटाळला गेला. बनावट कागद दाखल केला म्हणून पुन्हा अर्ज करायलाही त्याला बंदी झाली. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली आणि तो मुंबईला बोट धरायला निघाला. कापूरहोळला पुण्याची मोटर थांबली होती तेव्हा पोरगी त्याला पोचवायला आली होती असे कोणी तरी सांगितले. त्या महिन्यात ती लपायची थांबली होती, म्हणे.

माझे कुतूहल मात्र थांबले नाही. पुण्याहून फारशीचे पहिले पुस्तक आणवले आणि रोज सकाळी आन्हिक आटोपल्यावर मी अक्षरे गिरवू लागलो. तेव्हा समजले की त्या लिपीत कित्येक अक्षरांचा सांगाडा एकच असतो. ठिपक्यांवाचून ती एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. शिवाय ती उजवीकडून लिहितात, आणि मी डावीकडून काढली होती. इतके सगळे मी शिकलो, चांगला वर्षभर शिकलो. एवढ्या काळात शिरस्तेदारांच्या मेजापाशी जाऊन दोन वाक्ये बोलता आली असती. ते न करता मी अभ्यास करीत राहिलो आणि त्या अभ्यासालाच पश्चात्ताप समजलो. प्रामाणिकपणे वागायचे टाळून माणूस किती मेहनत करू शकतो, हे मी स्वतःवरून पाहिले आहे.

तो कायमचा परत आल्याचे मला यंदा कळले. मधल्या काळात त्या मुलीचे लग्न त्याच्या गैरहजेरीत उरकले होते. मी विंझरला गेलो. रस्त्यावरच्या एका दुकानाच्या फळीवर चार-पाच माणसे बसली होती, त्यांत तोही होता. केस पांढरे झालेले, बाकी तसाच. मी कोणाकडे आलो ते दुकानदाराला सांगितले.

“आवं बनावट डायवर,” दुकानदाराने हाक दिली, “भोरचं पाव्हणं आल्यात तुमच्याकडं. कागूद बिगूद दावू नका बरं.”

सगळे हसले. तोही हसला. परत आल्यापासून त्या नावावर हसायला तो शिकला होता. मला ओळखून तो उठला.

“रावसाहेब, तुमी? घरी चला, च्या घिऊ. हितं उन्हात कशाला?”

घरी गेलो असतो तर दोघांतच बोलता आले असते. मी मनातून तेच धरून आलो होतो, हे तिथे उभा राहिल्यावर मला कळले. पण त्याचे नाव कचेरीत माणसांसमोर गेले होते आणि इथे रस्त्यावर रोज जात होते. मी टोपी काढून हातात घेतली. फळीवरची माणसे बघू लागली.

“मंडळी,” मी म्हणालो, “यांचा परवाना खरा होता. त्याची नक्कल मी केली आणि ती मी चुकवली. चुकली हे मला त्याच दिवशी कचेरीत कळलं होतं, आणि विचारलं तेव्हा मी बरोबर आहे म्हणून सांगितलं. बनावट होतं ते माझं बोलणं.” मग त्याच्याकडे वळलो. “तुमची लेक ज्या वयात बापाजवळ असायची ती वर्षं माझ्यामुळे गेली. ती भरून देणं माझ्या हातात नाही. माझा अपराध झाला. मला क्षमा करा.”