बंडू शेट बसला का गाडी बोलायची

आमच्या घरातले देव माह्या बापानं छप्पन साली स्वतःच्या हातानं टोपल्यात भरले अन् नाग नदीत सोडून आला. दीक्षा घेतली होती त्यानं. तवापासून आमच्या घरी देव नाही, भूत नाही, अंगात येणं नाही. मी जिंदगीभर टॅक्सी चालवली, पण गाडीले कधी निंबू-मिरची बांधली नाही. दुसरे डायवर म्हणत, "बांध गा, नाहीतं एक्सिडंट होईन." मी म्हणो, ब्रेक नीट ठेवा अन् निंबू सरबतात पिळा.

हे पयले सांगून ठेवतो. कारण पुढचं वाचून तुमी म्हणसान का म्हातारा बायको मेल्यापासून सटकला. सटकलो असन. पण मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस... एवढं खोटं रचाची अक्कल मले नाही.

गोष्ट आणीबाणीच्या जरा आधीची आहे. नागपुरात नंदनवनच्या अलीकडं आमच्या दोन खोल्या होत्या. मी अन् माही बायको शांता. शांता सैपाक भुशाच्या शेगडीवर करे. आता ते शेगडी कोणाले माहीत नसन. डब्याच्या मधात बाटली उभी धराची, भोवताल लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भराचा, मंग बाटली हळूच काढून घ्याची अन् खालून पेटवाची. संध्याकाळपर्यंत धग राहे. भुसा मी लकडगंजातून आरा मशीनीवरून पोत्यानं आणो. सागवानाचा. त्या धुराचा वास तिच्या लुगड्याले, केसाले, हाताले... मी बाहेरून आलो का दारातच समजे का ती घरात आहे.

तवा मी दुसऱ्याची टॅक्सी चालवो. आपली स्वतःची गाडी असावी, हे आमचं दोघाईचं सपन होतं. बंडू शेट म्हणून एक होता, जुन्या गाड्यायची घे-विक करे. मोठं आवार, तोंडात पान, हसला का लाल. त्याच्याकडं गाडी पाहाले गेलो, शांताले संगं नेलं.

गियरबॉक्स तपासाची एक सीधी रीत आहे. गाडी उभी ठेवाची, इंजन चालू, गियर न्यूट्रलले. क्लच सोडल्यावर खालून घूंऽऽऽ असा आवाज आला अन् क्लच दाबला का बंद झाला, तं गियरबॉक्सची बेरिंग गेली समजा. उलटं, दाबल्यावर किरकिर आली तं क्लचची बेरिंग. मी दाबला, सोडला. दाबला, सोडला. खाली वाकून कान लावला. गाडी साफ मुकी. चालवून पाह्यली तरी मुकी.

शांता म्हणे, "अवो, इतकी म्हातारी गाडी अन् कण्हत बी नाही? माही सासू उठता-बसता 'माय वं' म्हणे."

बंडू शेट भल्ला हासला. "वहिनी, हे गाडी हाय का सासू हाय? कमी बोलते म्हणून नाराज होऊन राहिल्या का?"

आमी बी हासलो. गाडी घेतली.

उन्हाळ्यात शांता माहेरी उमरेडले गेलती. तिले आणाले मी गाडी घेऊन गेलो, तं ती पोट धरून पडली होती. तिथल्या डाक्टरनं पाह्यलं अन् म्हणलं, आतमधी काही फुटलं वाटते, आत्ताच्या आत्ता नागपूरले मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मागच्या शिटवर तिले झोपोलं अन् निंगालो. दुपारचं ऊन, रस्ता मोकळा.

थोडं आलो नाही तं सेकंड गियरले खालून आवाज सुरू झाला. घूंऽऽऽ. मंग थर्डले. मंग सगळ्याच गियरले. जसा आवाज वाढे तसा मी गाडी दामटो. शांता डोळे मिटून होती. तशीच मिटल्या डोळ्यानं म्हणे, "बोलली नं आखरी... तुमची मुकी गाडी."

माह्यासंगचं तिचं हे शेवटचं बोलणं.

पाचगाव यायच्या आधी कडाडकन आवाज झाला अन् मागचे चाकं जाम. इंजन चालू, गाडी जागची हलेना. धक्का मारला, हलेना. मी रस्त्याच्या मधात उभा राहून हात जोडले तरी गाड्या बाजूनं निंगून जात. एक ट्रक थांबला... पण तवरिक काही उरलं नोतं. तिचं डोकं माह्या मांडीवर होतं. त्याच्याबद्दल आणखी लिहणार नाही.

गाडी नंतर ओढून आणली. इस्माईल मिस्त्री माह्या भरवशाचा माणूस. त्यानं पयले न्यूट्रलले इंजन चालू करून खालचा आवाज आयकला, मंग गियरबॉक्स खोलला अन् मले हाक मारली. त्याच्या हातात काळा, तेलकट गोळा होता.

"भाई, ये देख. भूसा है. लकडी का भूसा."

"भुसा? गियरबॉक्समधी?"

"डाला है किसी ने. आवाज दबाने के वास्ते. थोडे दिन चुप रहती है गाडी... फिर भूसा सारा तेल पी जाता है, बेरिंग सूख जाती है." तो माह्याकडं पाहे ना. "बेचने वाले करते हैं भाई. पुराना धंदा है."

त्यातला चिमूटभर भुसा मी घरी नेला. उन्हात वाळवला. शांताच्या शेगडीवर टाकला. सागवान. तिच्या लुगड्याले येत होता तोच वास. ज्या भुशावर तिनं मले जेवू घातलं, त्याच भुशानं तिले मारलं.

मी बंडू शेटकडं गेलो. तो गोळा त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं पाह्यला, पान दुसऱ्या गालात सरकवलं.

"कान लावून आयकली होती नं गाडी? का नोती?"

"माही बायको मेली शेट."

"वाईट झालं गा. पण विकलेल्या गाडीचं बोलणं माह्या दारात आणू नोको. गाडी चूप होती, तू बी चूप बस."

त्याच्या आवारात चार धट्टेकट्टे माणसं होते, नाहीतं मी त्याले तिथंच आडवा केला असता. हे मी रागात नाही लिहून राहिलो. आज बी विचार करून हेच लिहतो. निंगतानी मी त्याले इतकंच म्हणलं, "तुले बी आयकू येईन हा आवाज. तू चूप नाही करू शकणार." काहून म्हणलं, माहीत नाही. शाप-बिप मी मानत नाही. तोंडातून निंगालं.

मी पुन्हा दुसऱ्याची टॅक्सी चालवाले लागलो. घरी आलो का शेगडी थंडी.

पावसाळा सरता सरता एक दिवस इस्माईल मिस्त्री टॅक्सी स्टँडवर आला. चेहरा उतरलेला. म्हणे, बंडू शेटची स्वतःची गाडी दुरुस्तीले आलती. नवी कोरी गाडी. गियरबॉक्समधून घूंऽऽऽ आवाज. यानं खोलला, आत सगळं चकचकीत, तेल साफ. बंद केला. डायवरनं चालवून पाह्यली, आवाज नाही. शेट मागं बसला... आवाज सुरू. शेट उतरला, बंद.

"वजन से होगा," मी म्हणलं.

"मैं खुद बैठा था शेट की जगह. मेरा वजन क्या कम है?" मिस्त्रीचं पोट पाहून मले ते मानाच लागलं. मंग तो हळूच म्हणे, "भाई, वही आवाज थी. तेरी गाडी वाली. मैं बेरिंग की आवाज पहचानता हूँ... आदमी की बोली जैसी होती है, हर एक की अलग."

खरं सांगतो, मले भीती नाही वाटली. मले आनंद झाला. किती तरी दिवसानं मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

मंग तं नागपुरातले सारे डायवर त्याचीच गोष्ट करत. बंडू शेटनं गाडी बदलली... आवाज. भाड्याची टॅक्सी केली, आवाज. एस्टीत बसला तं डायवर उतरून गाडीखाली पाहाले लागला. पण त्याचा खरा जीव गेला तो धंद्यात. जुनी गाडी विकाची तं गिऱ्हाइकासंगं बसून फिरवून दाखवा लागते. शेट बसला का गाडी घूंऽऽऽ. गिऱ्हाईक उतरून चाललं जाये. शेट नाही बसला तं गिऱ्हाईक विचारे, "शेट, तुमच्याच गाडीत तुमी बसत काहून नाही?" बरं, त्या गाड्यायत त्यानं भुसा भरला असन नाहीतं केळाचे सालटे, आवाज काही दबे ना.

आवार रिकामं होत गेलं. आखरीले बंडू शेट सायकल रिक्शानं फिराले लागला. सायकल रिक्शाले गियरबॉक्स नाही नं. पोट्टे मागून ओरडत, "शेट, क्लच दाबा!" मी स्टँडवर उभा राहून पाहो. रोज पाहो. चहा त्याच टायमाले घेओ.

शेटच्या आवाजाचं इथवर मी फक्त आयकलेलं सांगतलं. आता डोळ्यासमोरचं सांगतो.

एका दुपारी स्टँडवर माहीच टॅक्सी होती. सायकल रिक्शा आली. त्यात बंडू शेट अन् त्याची बायको. बाई छातीले हात लावून, घामानं वली, ओठ पांढरे. रिक्शावाला म्हणे, माह्यानं आता ओढवत नाही. शेट उतरला, मले पाह्यलं, अन् जागीच थबकला. दुसरी गाडी असती तं तो माह्याकडं आला नसता.

"मेडिकलले सोड गा," तो म्हणे. "हात जोडतो."

मी बाईले धरून मागं बसोलं. इंजन चालू केलं. गियर न्यूट्रलले. गाडी एकदम शांत... ते टॅक्सी मी रोज चालवो, तिचा आवाज न् आवाज मले पाठ होता.

बंडू शेटनं पाय आत ठेवला.

घूंऽऽऽ.

माह्या पायाखालून आला. मी क्लच दाबला, बंद. सोडला, सुरू. दाबला, सोडला. तसंच जसं त्याच्या आवारात केलं होतं. अन् वास आला. सागवानाच्या भुशाचा, पेटलेल्या शेगडीचा वास. भर स्टँडवर, जिथं आजूबाजूले चूल नाही का शेगडी नाही. बाई तशा हालतीत बी म्हणे, "हे काय जळून राहिलं वं माय?"

"पाय काढ," मी म्हणलं. काढला. बंद. "ठेव." ठेवला. सुरू.

बंडू शेट रडाले लागला. दार धरून म्हणे, "मीच भुसा टाकला होता गा. मीच टाकाले लावला. माफ कर."

"मले काय सांगतं? तिले सांग."

तो वाकला. गियरच्या दांड्याकडं पाहून, भर बाजारात, हात जोडून म्हणे, "वहिनी, चुकलो. माही बायको जाते वं वहिनी. आता तरी गप्प व्हा."

आवाज थांबला नाही. उलटा वाढला.

अन् मले लय बरं वाटलं. खोटं काहून लिहू?

मी म्हणलं, "तू उतर. तुह्या बायकोले मी नेतो. तू इथंच उभा राह्य." तो उतरला. आवाज गेला, वास गेला. मी गाडी काढली. आरशात पाह्यलं, तं तो रस्त्याच्या मधात हात जोडून उभा होता, अन् गाड्या त्याच्या बाजूनं निंगून जात होत्या.

बाई वाचली. मेडिकलले टायमावर पोचली. कोणी म्हणन का म्हाताऱ्यानं मोठं मन केलं. नाही केलं. तिचा काही गुन्हा नोता, म्हणून तिले नेलं. पण त्याच्यासाठी मी दया नाही केली. मले त्याले तसा उभा पाहाचा होता. माफी मी दिली नाही. शांतानं बी दिली नाही, ते तं माह्या कानानं आयकलं. बाई पुढं दरवर्षी दिवाळीले चिवडा-लाडू पाठवे. मी खाओ. लाडवाशी माही दुश्मनी नोती.

बंडू शेट आणखी बरेच वर्ष जगला. सायकल रिक्शातच. मेला तोही उन्हाळ्यात. मी गेलतो. घरच्यानं घाटावर न्याले गाडी बोलावली होती. तिरडी चढवली, डायवरनं इंजन चालू केलं... घूंऽऽऽ. सगळे एकमेकाच्या तोंडाकडं पाहाले लागले. त्याचाच पोरगा म्हणे, "उतरवा बाबाले. पायीच नेऊ." त्या उन्हात खांदे बदलत बदलत नेलं. मी मागून चाललो. खांदा नाही दिला.

तो आवाज मी आयकला तो शेवटचाच.

याचं कारण काय, मले अजून माहीत नाही. इस्माईल मिस्त्री मरेपर्यंत डोकं खाजवत राह्यला. आमच्या धम्मात आत्मा नाही मानत. मी बी नाही मानत. मंग गाडीच्या खालून कोण बोलत होतं, ते कोण्या शिकलेल्या माणसानं मले समजावून सांगावं. मी आयकाले तयार आहो.

बंडू शेट जळला त्या दिवसापासून मी कितीक गाड्या चालवल्या. बिघडलेल्या, मोडलेल्या. सगळ्यायत क्लच दाबला, सोडला, कान लावून पाह्यलं. नुसत्या बेरिंगा वाजतात. दुसरं काही नाही. वास बी नाही. तो जिता होता तवरिक ती कुठीतरी बोलत होती, त्याच्यामागं फिरत होती, मले कोणी ना कोणी येऊन सांगे. तो मेला अन् ती बी चूप झाली.

एवढ्यासाठी तरी त्या हरामखोरानं अजून जगाले पाहिजे होतं.