खाऱ्या विहिरीतली पाणबुडी

पाणबुडीचा छंद लागला की घरात आधी बादल्या कमी पडतात, मग किस्से वाढत जातात. आमची अमरावती-अकोल्याची चार टाळक्यांची टोळी. समुद्र कुठं, आम्ही कुठं, पण रिमोटवरच्या पाणबुड्या बनवतो. पोटात इंजेक्शनच्या सिरिंजसारखी टाकी असते. मोटरनं दट्ट्या मागं ओढला की पाणी आत येतं, पाणबुडी जड होऊन खाली जाते. दट्ट्या पुढं ढकलला की पाणी बाहेर, पाणबुडी वर.

हेच आमच्या पाटणे सरांनी, म्हणजे गणिताच्या रिटायर्ड मास्तरांनी, शेजाऱ्याला घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. शेजारी म्हणाला, "सर, बुडवासाठी एवढी मेहनत? माह्या पोराची नाव तं फुकटात बुडते."

सरांनी पहिल्यांदा विमानाचाच रिमोट जोडला. त्याचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही, हे पाणबुडी तलावात गडप झाल्यावर कळलं. मे महिन्यात तलाव आटला तेव्हा ती गाळात दिसली.

"आली ना वर शेवटी?" सर म्हणाले.

"सर, थे वर नाही आली. पानी खाली गेलं," गजाभाऊ म्हणाला.

त्यानंतर सगळ्यांनी रिमोट बदलले. शिवाय एक सोय बसवली: सिग्नल तुटला की टाकी आपोआप रिकामी होते.

गजाभाऊ अकोल्याचा, मोटर रिवाइंडिंगवाला. एकदा झाकणाच्या रबराला लावायचं ग्रीस संपलं, तर या पठ्ठ्यानं साजूक तूप लावलं. पाण्याचा थेंब आत गेला नाही. मुंग्या मात्र गेल्या.

त्याचे सासरे, दर्यापूरकडचे दादाजी, यांना जावयाचा हा छंद म्हणजे निव्वळ रिकामे धंदे वाटायचे. "भंगारात दे थे," ते मुलीला, म्हणजे आमच्या वहिनींना, म्हणाले.

"एकदा पाहा तं बाबा. नाही बुडाली तं देतो," वहिनी म्हणाल्या.

झालं! गजाभाऊची दोन वर्षांची मेहनत दादाजींच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर पणाला लागली.

पाणबुडी पाण्यात सोडली, टाकी भरली, अन् ती बुडेचना. गजाभाऊ घामाघूम झाला. "घरच्या हौदात तं बरोबर बुडत होती."

सरांनी ओंजळभर पाणी चाखलं आणि थुंकलं. खारपाणाचा पट्टा! वजन सगळं घरच्या गोड्या पाण्यात जुळवलेलं, आणि खारं पाणी वस्तूला जास्त उचलून धरतं. वजन वाढवायला जवळ काही नव्हतं. वहिनींनी पायातली चांदीची तोरडी काढली. लग्नात दादाजींनीच दिलेली. गजाभाऊनं ती टेपनं पाणबुडीच्या पोटाला चिकटवली.

"दोरी बांधून सोड," मी म्हणालो.

"काहून?" दादाजी वरून म्हणाले. "दोरीनं तं बादलीई वर येते."

दोरी न बांधताच सोडली. या खेपेला ती गेली, थेट तळाला. गजाभाऊनं वर आणायचं बटण दाबलं. काहीच नाही. खाऱ्या पाण्यात सिग्नल लवकर मरतो. वहिनी पाण्याकडे पाहत होत्या, दादाजी वहिनींच्या मोकळ्या पायाकडे. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग सिग्नल तुटल्यावरची ती सोय जागी झाली, पाणी हललं आणि पाणबुडी वर आली, तोरडीसकट.

दादाजी काठी टेकत पायऱ्या उतरले आणि गजाभाऊला खेटून बसले.

"तो रिमोट आना इकडे, जावाई. तुमी चा घ्या."